धुण्याला आणि वॉशिंग मशीनला येणारा कुबट वास: मूळ कुठे असतं आणि तो कसा काढायचा

जून-जुलैत कोल्हापुरात पावसाची झड लागली की मशीनमधून काढलेल्या कपड्यांना ओला, आंबूस वास यायला लागतो. अशा वेळी बहुतेक घरांत तीन गोष्टी होतात. साबण वाढतो, सुगंधी सॉफ्टनर वाढतो आणि थोड्या दिवसांनी दुकानातून डिस्केलिंग पावडरचं पाकीट येतं. पहिल्या दोन्हींनी वास वाढतो. तिसऱ्याने मशीनमधला क्षार निघतो, पण वास क्षाराचा नसल्यामुळे तो आहे तिथेच राहतो.

हा वास एका थराचा असतो. अंगाचं तेल, न धुतला गेलेला साबण, सॉफ्टनरमधले चरबीसारखे घटक आणि कपड्यांचं लिंट, म्हणजे सुटलेले बारीक तंतू, हे सगळं ड्रमच्या मागे, रबराच्या घडीत आणि पाईपमध्ये चिकटून बसतं. त्या ओशट, बुळबुळीत थरात जिवाणू आणि बुरशी वाढतात. तेच जिवाणू प्रत्येक धुण्याबरोबर कपड्यांत जातात आणि कपडा सावकाश वाळत असला की तिथे वास तयार करतात. ओल्या कपड्याच्या या ठरावीक वासामागे मोराक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असल्याचं जपानमधल्या संशोधकांनी २०१२ साली दाखवलं. हा जिवाणू कपडा कोरडा झाला तरी बऱ्यापैकी तग धरतो. म्हणून वाळलेला शर्ट कपाटात ठीक वाटतो आणि अंगात घालून घाम आला की अर्ध्या तासात वास सुटतो.

म्हणजे काम तीन ठिकाणी आहे: मशीन, कपडे आणि वाळवण. एकच केलं आणि बाकीची दोन सोडली तर पंधरा दिवसांत वास परत येतो.

आधी वास कुठून येतो ते ठरवा

मशीन रात्रभर झाकण लावून बंद ठेवा. सकाळी झाकण उघडल्या उघडल्या ड्रममध्ये वास घ्या. मग साबणाचा ट्रे बाहेर ओढून त्याच्या खोबणीत घ्या. फ्रंट लोड असेल तर दाराच्या रबराची खालची घडी बोटाने उघडून तिथेही बघा. शेवटी ड्रेन पाईप जिथे सोडलाय त्या न्हाणी ट्रॅपजवळ, म्हणजे जमिनीतल्या जाळीच्या भोकाजवळ, वाका.

कुबट, भिंतीला ओल आल्यासारखा वास असेल तर बुरशी आहे आणि ती बहुधा रबरात किंवा ट्रेच्या खोबणीत सापडते. सडक्या अंड्यासारखा वास साचलेल्या पाण्याचा किंवा गटाराचा असतो. तेव्हा पंपाचा फिल्टर आणि ड्रेन बघायचं. मशीनला काहीच वास नाही आणि फक्त कपड्यांना आहे, तर दोष कपड्यात मुरलेल्या साबणाचा आणि वाळवण्याचा. जळक्या रबराचा किंवा प्लॅस्टिकचा वास आला तर सफाईच्या भानगडीत पडू नका. बटण बंद करा, प्लग काढा आणि मेकॅनिकला बोलवा. बेल्ट, मोटर किंवा वायरिंग तापत असण्याची शक्यता असते.

गटाराच्या वासाची खात्री करून घेणं सोपं आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी भरून, गाठ मारून ती न्हाणीच्या जाळीवर रात्रभर ठेवा. सकाळी वास नसेल तर मशीन निर्दोष आहे, वास ट्रॅपमधून येतोय. ट्रॅपमध्ये साधारण ५० मिलिमीटर पाणी कायम उभं असतं आणि त्यानेच गटाराची हवा अडते. बाल्कनीतल्या ट्रॅपमध्ये बरेच दिवस पाणी पडलं नाही की तो सुकतो. एक बादली पाणी ओतलं की काम होतं. काही इमारतींत बाल्कनीतली न्हाणी ट्रॅप न बसवता थेट खालच्या पाईपला जोडलेली असते. तिथे प्लंबरकडून ट्रॅप बसवून घेण्याला पर्याय नाही.

ड्रेन पाईपचं टोक त्या भोकात खोल खुपसून वर कापडाचा बोळा किंवा एमसील लावलेलं बऱ्याच घरांत दिसतं. हे करू नका. टोक वीतभरच आत हवं आणि भोवती हवा जायला जागा हवी. हवा कोंडली की सायफन होऊन मशीन भरता भरता रिकामं होतं आणि टोक घाण पाण्यात बुडलेलं असेल तर तेच पाणी मागे ओढलं जाऊ शकतं. फ्रंट लोडमध्ये पाईपचा वरचा वळसा जमिनीपासून साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंचीवर असावा लागतो. तो मशीनमागे नुसता जमिनीवर टाकलेला नको.

काय आणायचं, काय टाळायचं

सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे सोडियम परकार्बोनेट, म्हणजेच ऑक्सिजन ब्लीचची पांढरी पावडर. गरम पाण्यात ती विरघळली की धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. सोडा ओशटपणा सोडवतो आणि पेरॉक्साइड जिवाणू मारून वास तोडतं. पाणी ४० अंशांच्या खाली असेल तर तिचं काम फार मंदावतं. नळाच्या गार पाण्यात टाकलेली ही पावडर बहुतेक वाया जाते. डाग काढायच्या तयार पावडरींतही हाच घटक असतो, पण कमी प्रमाणात, म्हणून ती वापरलीत तर दीडपट घ्या.

परकार्बोनेट मिळालं नाही तर धुण्याचा सोडा चालतो. किराणा दुकानात तो सुटा मिळतो. खायचा सोडा त्याच्यापुढे फार सौम्य पडतो, त्याने हा थर सुटत नाही.

दुसरी वस्तू सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे लिंबूफूल. ते फक्त क्षारासाठी. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांना ते लागतं. गिझरच्या नळाच्या तोंडाशी किंवा पाणी तापवायच्या पातेल्याच्या तळाला पांढरा खडबडीत थर बसत असेल तर मशीनच्या हीटरवरही तो बसतो आहे, असं धरून चाला. क्षाराच्या खडबडीत पृष्ठभागावर ओशट थर जास्त घट्ट चिकटतो, म्हणून त्याचा वासाशी आडून संबंध आहे. डिस्केलिंग पावडरींचं मुख्य कामही क्षार काढण्याचंच असतं. त्यांनी वास जाईल ही अपेक्षा ठेवूनच लोक निराश होतात.

तिसरी वस्तू साधं लिक्विड ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. ते रबरावरच्या काळ्या बुरशीसाठी आणि पांढऱ्या सुती कपड्यांसाठी.

आता इशारा, आणि तो मनापासून आहे. ब्लीच आणि कोणतंही आम्ल, मग ते लिंबूफूल असो, व्हिनेगर असो की संडास साफ करायचं अ‍ॅसिड, कधीही एकत्र करू नका. एकामागोमाग त्याच पाण्यातही वापरू नका. क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. अमोनियाबरोबरही ब्लीच नको, म्हणून लघवीने भिजलेली दुपटी आधी साध्या पाण्यातून खळखळून काढा. परकार्बोनेटमध्येही ब्लीच किंवा व्हिनेगर मिसळू नका. एक दिवस एक वस्तू, मध्ये साध्या पाण्याची पूर्ण फेरी. परकार्बोनेटचं द्रावण घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून ठेवू नका, आतल्या ऑक्सिजनने बाटली फुटते.

व्हिनेगरचा सल्ला सगळीकडे दिला जातो. ते ४-५ टक्क्यांचं सौम्य आम्ल असतं. ओशट थरावर त्याचा परिणाम जवळजवळ नाही आणि दर धुण्याला ओतलं तर रबराचे भाग हळूहळू खराब होतात. डांबरगोळ्या ड्रममध्ये अजिबात टाकू नका. त्यांचा वास प्लॅस्टिकमध्ये मुरतो, तो काढणं कुबट वासापेक्षा अवघड, आणि लहान मुलांच्या कपड्यांना तर तो घातक आहे.

फ्रंट लोड

सुरुवात खालून करा. मशीन बंद, प्लग बाहेर, आतलं पाणी गार झालेलं. पुढच्या बाजूला खाली छोटं झाकण असतं, त्याच्या आत पंपाचा फिल्टर. समोर परात किंवा उथळ ट्रे ठेवा, खाली जुना टॉवेल पसरा. शेजारी बारीक नळी असेल तर तिचं बूच काढून आधी पाणी सोडा, लिटर-दोन लिटर सहज निघतं. हेच ते पाणी जे दोन धुण्यांच्या मध्ये आत सडत असतं. मग फिल्टर डावीकडे फिरवत हळूहळू सैल करा. एकदम काढला तर फरशीवर तळं होतं. आत नाणी, केसांच्या पिना, शर्टाची बटणं आणि करड्या लिंटचा लगदा सापडतो. भोकात टॉर्च मारून पंपाचं छोटं पातं लाकडी काडीने फिरतंय का बघा, त्याला केस किंवा दोरा गुंडाळलेला असतो. फिल्टर जुन्या टूथब्रशने घासून, रबरी रिंग पुसून घट्ट बसवा. नंतर एक रिन्स लावून गळत नाही ना ते बघा. पावसाळ्यात हे महिन्यातून एकदा केलं पाहिजे. अनेक घरांत मशीन घेतल्यापासून हे झाकण उघडलेलंच नसतं, आणि निम्मा वास तिथेच असतो.

मग दाराचं रबर. खालची घडी पूर्ण उलटी करा. तिच्या तळाशी बारीक भोकं असतात, त्यांतून पाणी मागे ड्रमकडे जातं. ती लिंटने बुजली की घडीत कायम पाणी उभं राहतं. काडीने ती मोकळी करा. आधी साबणाच्या गरम पाण्याने बुळबुळ पुसून काढा, नाहीतर ब्लीच वरच्यावर संपून जातं. मग १ भाग ब्लीच आणि १० भाग पाणी अशा द्रावणात जुनं फडकं भिजवून, पिळून, घडीत कोंबून ठेवा. अर्ध्या तासाने काढा आणि साध्या पाण्याच्या फडक्याने दोनदा पुसा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, अंगावर जुने कपडे असू द्या. एवढं करूनही काळे ठिपके राहिले तर ते रबराच्या आत गेलेले आहेत. वास गेला असेल तर ठिपक्यांकडे दुर्लक्ष करा. रबर चिकट किंवा चिरलेलं असेल तर ते बदलणं हाच उपाय.

साबणाचा ट्रे मधली पट्टी दाबून पूर्ण बाहेर येतो. सॉफ्टनरच्या कप्प्यावरची छोटी टोपीही निघते, तिच्या नळीत गुलाबी-निळा चिकट गोळा असतो. ट्रे कडक पाण्यात बुडवा. दरम्यान रिकाम्या खोबणीत मोबाईलचा टॉर्च घालून वरच्या बाजूला बघा. पाणी सोडणारी भोकं तिथे छताला असतात आणि काळी बुरशी नेमकी तिथे, कुणाला दिसत नाही अशा जागी, लटकलेली असते. बाटल्या धुवायच्या ब्रशने ती घासून काढा.

हे सगळं झाल्यावरच ड्रमची फेरी. रिकाम्या ड्रममध्ये १५० ग्रॅम परकार्बोनेट थेट टाका आणि टब क्लीन प्रोग्रॅम लावा. तो नसेल तर कॉटन ६० अंश, जमल्यास ९०. परकार्बोनेट नसेल तर १०० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि एक चमचा नेहमीची मशीनची पावडर. पाणी तापून २०-२५ मिनिटं झाली की मशीन पॉज करून तासभर तसंच ठेवा, मग पुढे चालू करा. शेवटी एक साधी रिन्स. पहिल्या वेळी करडे-तपकिरी तुकडे निघतात. ते दिसायचे थांबेपर्यंत हीच फेरी दुसऱ्या दिवशी पुन्हा करा.

बोअरचं पाणी असेल तर आणखी एका दिवशी १०० ग्रॅम लिंबूफूल टाकून ६० अंशांची रिकामी फेरी. तीन-चार महिन्यांतून एकदा पुरे. अनेक फ्रंट लोड मशीनमध्ये ड्रमच्या मागे अ‍ॅल्युमिनियमचा तीन पायांचा आधार असतो. आम्ल, ब्लीच आणि सोडा यांचा वारंवार मारा केला तर तो झिजतो, म्हणून दर आठवड्याला हौसेने टब क्लीन करू नका. महिन्यातून एक फेरी ठीक.

टॉप लोड आणि सेमी ऑटोमॅटिक

बहुतेक टॉप लोडमध्ये हीटर नसतो. आयुष्यभर गार पाण्यात चालल्यामुळे आतला थर जास्त जाड असतो. गरम पाणी बाहेरून आणावं लागतं. पावसाळ्यात सोलरच्या भरवशावर राहू नका, दोन दिवस ऊन नसलं की ते पाणी कोमट असतं. गिझर, गॅस किंवा घरात बंब असेल तर तो.

६-७ किलोच्या मशीनमध्ये सगळ्यात वरची पाण्याची पातळी निवडली की साधारण ५०-६० लिटर पाणी मावतं. २० लिटरच्या दोन बादल्या ६५ अंशांच्या पाण्याच्या आणि एक गार पाण्याची मिसळली की सुमारे ५० अंश होतात. थर्मामीटर नसेल तर एवढं पाहा: हात क्षणभर बुडवता येतो पण ठेवून घेता येत नाही. उकळतं पाणी थेट ओतू नका, प्लॅस्टिकचा टब आणि सील खराब होतात. आधी गार बादली, मग गरम.

२०० ते २५० ग्रॅम परकार्बोनेट एका मगभर गरम पाण्यात कालवून ओता. मशीन १० मिनिटं फिरवा, मग थांबवा. भिजवण्याचा मोड असेल तर तो लावा. चार तास, शक्य असल्यास रात्रभर. मधून एकदा पाच मिनिटं पुन्हा फिरवा. सकाळी पाण्यावर काळपट पापुद्रे तरंगताना दिसतील. ते चहाच्या जुन्या गाळणीने काढून टाका, तसंच पाणी सोडलं तर पंपात आणि पाईपमध्ये अडकतात. मग पाणी सोडा आणि दोन रिन्स. लिंटची जाळीदार पिशवी फाटलेली असेल तर नवीन बसवा. फाटकी पिशवी म्हणजे लिंट पुन्हा कपड्यांवर.

एवढ्यानेही वास राहिला तर तो तळाच्या फिरत्या चकतीखाली आहे. प्लग काढा. चकतीच्या मध्ये टोपी असते, तिच्याखाली एक स्क्रू. फुलीच्या स्क्रूड्रायव्हरने तो काढा. चकती सहसा घट्ट बसलेली असते. समोरासमोरच्या दोन भोकांतून जाड सुती दोरी ओवून सरळ वर ओढा. एका बाजूने पक्कड लावून उचकटू नका, कड तुटते. खाली लिंट, केस आणि साबणाचा राखाडी चिखल सापडतो. तो खरवडून काढा, सोड्याच्या गरम पाण्याने धुवा, चकती परत बसवा आणि स्क्रू पूर्ण आवळा. सैल राहिला तर चकती कपडे धरून फाडते.

सेमी ऑटोमॅटिकमध्ये चकतीचं काम असंच. तिथे आणखी एक जागा विसरली जाते, ती म्हणजे स्पिनरच्या बाहेरच्या टबचा तळ. पिळलेलं पाणी तिथे रेंगाळतं. रिकाम्या स्पिनरमध्ये अर्धी बादली सोड्याचं गरम पाणी ओतून ड्रेन होऊ द्या, मग साधं पाणी. ड्रेनचा पाईप धुणं झाल्यावर हुकला उभा न अडकवता पूर्ण खाली सोडून सगळं पाणी निघू द्या, मगच वर ठेवा. या मशीनला हात लावताना प्लग काढलेला असणं फार महत्त्वाचं, कारण ती बहुतेक वेळा ओल्या मोरीतच असतात.

पुराच्या दिवसांत नळाला गढूळ पाणी आलं तर पाणी आत येणाऱ्या पाईपच्या तोंडाची जाळीही बघा. नळ बंद करून पाईप काढा, पक्कडीने जाळी ओढून धुवा.

कपड्यांत मुरलेला वास

कपड्यात साबण उरलाय का हे असं तपासा: धुऊन वाळवलेला टॉवेल साबण न घालता बादलीभर गरम पाण्यात टाकून हाताने खळबळवा. फेस आला किंवा पाणी करडं झालं तर तो टॉवेल कधी नीट खंगाळलाच गेलेला नाही. साबण जास्त झाला की फ्रंट लोडमध्ये फेसाची गादी बनते, कपडे एकमेकांवर आपटत नाहीत आणि मळ तसाच राहतो. ७ किलोच्या मशीनला रोजच्या मळलेल्या कपड्यांसाठी, पाणी जड नसेल तर, दोन मोठे चमचे मशीनची पावडर पुरते. बोअरच्या पाण्याला तीन. हाताने धुवायची पावडर मशीनला चालत नाही, ती मुद्दाम फेसाळ केलेली असते. ड्रम भरताना वर हाताचा पंजा आडवा जाईल एवढी जागा सोडा.

वास लागलेल्या सुती कपड्यांसाठी दहा लिटर, ५०-६० अंशांच्या पाण्यात दोन मोठे चमचे परकार्बोनेट, दोन तास भिजवा, मग मशीनमध्ये नेहमीसारखं धुवा. गडद रंगाचे कपडे आधी कडेच्या शिवणीवर तपासा. लोकर, रेशीम, पैठणी किंवा जरीचं काहीही यात टाकू नका.

टॉवेल, पायपुसणी आणि स्वयंपाकघरातली फडकी वेगळी धुवा, ६० अंशांवर, सॉफ्टनरशिवाय. सॉफ्टनर धाग्यावर पातळ ओशट थर सोडतो. त्याने टॉवेल मऊ लागतो पण पाणी टिपत नाही आणि वासाला खाद्य मिळतं. टॉवेलसाठी सॉफ्टनर कायमचा बंद केला तरी काही बिघडत नाही.

फुटबॉलच्या जर्सी हा या शहरातला घरोघरचा विषय. पॉलिस्टर पाणी धरत नाही पण अंगाचं तेल घट्ट धरतं, म्हणून तिचा वास सुती कपड्यापेक्षा चिवट असतो. जर्सी सामन्यानंतर पिशवीत कोंबून ठेवू नका, घरी आल्यावर लगेच उलटी करून वाऱ्यावर टाका. धुण्याआधी ४० अंशांच्या पाण्यात एक चमचा परकार्बोनेट घालून तासभर भिजवा. काखेच्या जागी भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब चोळा, ते तेल सोडवतं. जास्त कडक पाण्याने छापलेला नंबर उलतो.

तालमीतल्या लाल मातीचे कपडे आधी वाळवून झटका, मग नळाखाली पाणी स्वच्छ निघेपर्यंत खळबळा, त्यानंतरच मशीन. आखाड्याच्या मातीत तेल, ताक, हळद मुरवलेली असते. ती तशीच मशीनमध्ये गेली तर जड माती टबच्या तळाशी बसते आणि त्यातलं तेल थरात भर घालतं. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यातून आलेले ऑइल-कूलंटचे कपडेही घरच्या धुण्यात मिसळू नका. ते सोड्याच्या गरम पाण्यात तासभर भिजवून, पाणी टाकून, वेगळे धुवा. पेट्रोल, डिझेल किंवा थिनर सांडलेला कपडा मशीनमध्ये मुळीच घालू नका. त्याची वाफ पेट घेऊ शकते. ते आधी उघड्यावर पूर्ण उडून जाऊ द्या आणि मग कपडा हाताने धुवा.

वाळवण

वास तयार होतो तो ओल टिकलेल्या तासांत. कपडा पाच-सहा तासांत वाळला तर जिवाणूंना फारसा वाव मिळत नाही. रात्रभर दमट राहिला तर स्वच्छ धुतलेलाही वास मारतो.

म्हणून जास्तीत जास्त पाणी मशीनमध्येच काढा. पावसाळ्यात जाड सुती कपड्यांना सगळ्यात वेगवान स्पिन, आणि एक जादा स्पिन. धुणं झाल्या झाल्या बाहेर. सकाळी लावून ऑफिसला जाणं आणि संध्याकाळी काढणं, यातच बहुतेक वास जन्मतो. टायमर असेल तर फेरी तुमच्या घरी येण्याच्या वेळेला संपेल असा लावा. मध्येच लाईट गेली आणि कपडे दोन-तीन तासांहून जास्त पाण्यात राहिले तर ते पाणी सोडून पुन्हा पूर्ण फेरी द्या.

घरात वाळवताना कपडे दोरीवर एकावर एक टाकू नका. दोन कपड्यांत चार बोटं अंतर, शर्ट हँगरला, जीन्स उलटी करून खिसे बाहेर काढून. पंखा थेट कपड्यांवर येईल असा लावा. टेबल फॅन खालून वर तोंड करून ठेवला तर छताच्या पंख्यापेक्षा चांगलं काम होतं. खिडकीबाहेर मुसळधार पाऊस असेल तर खिडकी उघडून फार फायदा नाही, बाहेरची हवा आतल्यापेक्षा ओली असते. उघडीप मिळाली की मात्र सगळं उघडा. एसी असलेल्या खोलीत ड्राय मोडवर दोन-तीन तासांत फरक पडतो.

वाळलं का हे शर्टाच्या मधल्या भागावरून ठरवू नका. काखेतली शिवण, कॉलरची आतली घडी, जीन्सच्या कमरेची पट्टी आणि टॉवेलची कड गालाला लावून बघा. गार लागलं तर ओल आहे. तिथे गरम इस्त्री फिरवा, मग घडी घाला. एक ओलसर कपडा कपाटात गेला की शेजारच्या दहांना वास लागतो.

प्रत्येक धुण्यानंतर रबराची घडी कोरड्या फडक्याने पुसा, दार आणि ट्रे दोन्ही बोटभर उघडे ठेवा. घरात लहान मूल असेल तर दार उघडं ठेवण्याआधी चाइल्ड लॉक आणि प्लग दोन्ही बघा, मुलं ड्रममध्ये शिरतात. आठवड्यातून एक धुणं, टॉवेल-चादरींचं, ६० अंशांवर लावलं तर मशीन आतून आपोआप स्वच्छ राहतं.

पुराचं पाणी शिरलेलं मशीन

२०१९ आणि २०२१ च्या पुरात अनेक घरांत मशीन पाण्याखाली गेली. अशा मशीनचा प्लग सफाई होईपर्यंत लावायचाच नाही, नुसतं चालतंय का बघायलाही नाही. पुराच्या पाण्यात गटाराचं पाणी असतं आणि गाळ मोटर, कनेक्टर आणि बेअरिंगमध्ये बसतो. मागचं पॅनल मेकॅनिककडून उघडून, गाळ धुऊन, मोटर आणि बोर्ड पूर्ण सुकवून, अर्थिंग तपासल्यावरच वर सांगितलेली टब सफाई दोनदा करा. पुरात भिजलेले कपडे मशीनमध्ये घालण्याआधी बाहेर गाळ निघून जाईपर्यंत धुवा. पांढरे सुती असतील तर दहा लिटर पाण्यात १०० मिलिलिटर ब्लीचमध्ये अर्धा तास, रंगीत असतील तर परकार्बोनेटच्या गरम पाण्यात दोन तास. गाद्या, उशा आणि कापसाच्या रजया मात्र आतपर्यंत भिजल्या असतील तर टाकून द्या, आतल्या कापसातलं पाणी कोणत्याही फेरीने निघत नाही.

टब सफाईच्या तीन फेऱ्या, फिल्टर, रबर, ट्रे, ड्रेन हे सगळं होऊनही फ्रंट लोडचा वास गेला नाही, तर थर ड्रमच्या मागच्या आधारावर जाड बसलेला आहे. तिथे बाहेरून काही पोचत नाही. मेकॅनिकला टब खोलून धुवायला सांगा आणि उघडलाच आहे तर बेअरिंग व सीलही त्याच वेळी बघून घ्या. स्पिनच्या वेळी घरघर येत असेल तर ते लगेच बदला, कारण नंतर त्यासाठी पुन्हा तेवढंच खोलावं लागतं.